डिचोलीची एक हिशेबनीस आणि जीएनएमची पस्तिशीची अट

पार्श्वभूमी

तिला इथे वैशाली म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वर्षं, अटी आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे.

डिचोली तालुका. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा, पुढे इंग्रजी माध्यमाचं हायस्कूल, बारावी कॉमर्स, २००९ मध्ये बी.कॉम. लगेच खनिज वाहतुकीच्या एका कंत्राटदाराकडे हिशेबनीस म्हणून लागली. ट्रिपांच्या पावत्या, डिझेलची उधारी, ट्रकमालकांची बिलं. नवराही त्याच धंद्यातला. कर्ज काढून घेतलेला एक ट्रक, तो स्वतःच चालवायचा.

२०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ मध्ये ती उठली, काम अडखळत सुरू झालं. मग फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. ट्रक पडेल भावाने विकला, नवरा दुसऱ्याची टॅक्सी चालवू लागला. वैशालीला कळंगुटच्या पट्ट्यातल्या एका हॉटेलात अकाउंट्समध्ये काम मिळालं. डिचोली ते म्हापसा एक बस, पुढे दुसरी. दोन वर्षं होत आली तोच मार्च २०२० उजाडला. आधी पगार निम्मा झाला, नंतर ‘सीझन सुरू झाला की बोलावू’ असा निरोप आला. सीझन सुरू झाला तेव्हा निम्म्याच माणसांना बोलावलं. त्यात ती होती, पण पगार निम्माच राहिला.

नर्सिंगचा विचार तिच्या डोक्यात सेवाभावातून आला नव्हता, आणि ती हे उघड सांगते. २०१९ मध्ये सासरे काही दिवस बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात दाखल होते. रात्री वॉर्डात बसून तिने तिथल्या सिस्टरना जे प्रश्न विचारले ते पगार, रजा आणि पेन्शनचे होते. मी करिअर मार्गदर्शनाचं काम करते. २०२१ च्या सुरुवातीला ती माझ्याकडे आली तेव्हा तिचं पहिलं वाक्य असं होतं: ‘कोर्टाची ऑर्डर आली किंवा विमानं थांबली म्हणून बंद पडणार नाही असं काम पाहिजे.’ मला हे कारण भाबड्या कारणांपेक्षा जास्त टिकाऊ वाटलं.

अडचण नेमकी कुठे होती

या वयात नर्सिंगला येऊ पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीचा पहिला प्रश्न ‘मला झेपेल का’ हा असतो. तो शेवटी विचारायचा. आधी जन्मतारीख आणि बारावीची गुणपत्रिका टेबलावर ठेवायची, कारण निम्मे रस्ते तिथेच बंद होतात.

वैशालीचा जन्म १९८८ चा, म्हणजे त्या वर्षी ती तेहेतीस पूर्ण करणार होती. भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमाप्रमाणे जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी या तीन वर्षांच्या पदविकेला, प्रवेशाची कमाल वयोमर्यादा पस्तीस आहे. बारावी कॉमर्सची. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. तिच्या बी.कॉम.चा इथे काडीचा उपयोग नव्हता. नोकरीतला अनुभवही कुठे धरला जात नाही. पदवीधर माणसाला हे पचायला जड जातं.

तिसरी गोष्ट घराची. मुलगा सात वर्षांचा, सासूबाई साठीच्या, सासरे अर्धे अंथरुणाला खिळलेले. नवऱ्याची कमाई विमानतळावर उतरणाऱ्या माणसांवर अवलंबून.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तिच्या चुलत दिराने सुचवला. तो पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला आहे. गोव्यातली इतकी माणसं तिथे आहेत की हे सुचणं साहजिकच होतं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या नातवंडांपर्यंत पोर्तुगीज नागरिकत्वाचा रस्ता जातो. तिच्या आजोबांची जन्मनोंद सापडणं शक्य होतं. तिकडे नर्सिंगच्या पदवीतच शाखा निवडावी लागते: प्रौढ, बाल, मानसिक आरोग्य किंवा अध्ययन अक्षमता. प्रौढ रुग्णांच्या शाखेत तिशी-चाळिशीतले विद्यार्थी ही नवलाई नाही. वयाची वरची मर्यादा नाही, आणि शाळा सोडून बरीच वर्षं झालेल्यांसाठी पदवीपूर्वीचे वेगळे तयारी-वर्ग असतात. प्रत्यक्ष कामातून शिकायचे तास मात्र किमान २३०० होते.

ऐकायला छानच. पण ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडतानाचा, संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला होता. त्या तारखेपर्यंत तिथे राहायला गेलेल्यांनाच युरोपीय नागरिक म्हणून तिथे हक्काने राहता येत होतं. आता पासपोर्ट मिळाला तरी ती तिथे परदेशी विद्यार्थीच ठरणार होती, आणि ती फी या घराच्या आवाक्याबाहेरची. शिवाय भारतीय नागरिकत्व सोडावं लागणार. तिने हा पर्याय आठवडाभरात बाजूला ठेवला. दिराची मात्र नाराजी राहिली.

दुसरा पर्याय बी.एस्सी.चा. गोव्यात नर्सिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बांबोळीची सरकारी संस्थाच येते आणि तिथे बी.एस्सी. शिकवतात. घराजवळ, फी कमी, नाव मोठं. त्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून विज्ञानाचे विषय घेऊन बारावी पुन्हा द्यावी लागणार होती. मुक्त शाळेची विज्ञान बारावी परिषदेला चालते. पण गणित असं: अभ्यास आणि प्रात्यक्षिकं धरून किमान एक वर्ष, मग प्रवेशाची चढाओढ, मग चार वर्षं. एखादा विषय राहिला किंवा गुणवत्ता यादीत नाव आलं नाही, तर तोपर्यंत पस्तिशी ओलांडलेली असणार आणि जीएनएमचं दारही बंद.

तिसरा, एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा कोर्स. दोन वर्षं, कॉमर्स चालतं. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्राच्या कामाचा हा पाया आहे. तिला मोठ्या माणसांच्या वॉर्डात, रुग्णालयात काम करायचं होतं. एएनएमवर तिथे स्टाफ नर्स होता येत नाही.

चौथा, काही महिन्यांचे रुग्णसहायकाचे कोर्स. यांच्या जाहिराती बसस्टँडवर भरपूर दिसतात. ‘नर्सिंग कोर्स’ असंच लिहिलेलं असतं. नोंदणीकृत परिचारिका होण्याशी त्यांचा काही संबंध नाही. फी भरून झाल्यावर हे कळलेल्या मुली माझ्याकडे आलेल्या आहेत, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

उरलं जीएनएम. बारावी कोणत्याही शाखेची, चाळीस टक्के आणि इंग्रजी उत्तीर्ण, तीन वर्षं. विवाहित असण्याची आडकाठी नाही. शिकून नोंदणी झाली की स्टाफ नर्स. तिला जागा मिळू शकत होती ती सीमेपलीकडे, दोडामार्ग ओलांडून सिंधुदुर्गातल्या एका खासगी शाळेत.

निर्णय

घरातली बैठक मी पाहिली नाही, तिने सांगितलेली लिहिते. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला: ‘रातची ड्युटी आयली जाल्यार भुरग्याक कोणें पळोवप?’ (रात्रीची ड्युटी आली तर मुलाला कोणी बघायचं?) नवरा वसतिगृहावर अडला होता. लोक काय म्हणतील हे त्याने बोलून दाखवलं नाही, पण होतं तेच. दोघांनाही वैशालीने उत्तर दिलं नाही. तिने वही उघडली आणि तीन वर्षांचा महिनावार खर्च मांडला: फी, वसतिगृह, गणवेश, पुस्तकं, बसभाडं, सासऱ्यांची औषधं. दुसऱ्या बाजूला नवऱ्याची कमाई, सीझनची वेगळी आणि पावसाळ्याची वेगळी. तूट लाल पेनाने. ती तूट पाहून नवरा म्हणाला, ‘रातचें मागीर बघू या, हें आदीं कशें भरतलीं?’ (रात्रीचं नंतर बघू, हे आधी कसं भरणार?) भांडण वसतिगृहावरून पैशांवर आलं आणि पैशांवरचं भांडण या घराला सवयीचं होतं.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर सुरू होतात. कर्ज त्याच हिशेबाने घ्यायचं ठरलं, नवरा सहकर्जदार. उरलेली तूट ती रविवारी डिचोलीतल्या दुकानदारांची जीएसटी रिटर्न्स भरून काढणार होती. मी इथे हरकत घेतली होती. जीएनएमला थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींना ऐंशी टक्के हजेरी लागते. प्रात्यक्षिकाची उरलेली हजेरीही पुढे भरून काढल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. त्यात ड्युट्या, फाइली, केस स्टडी. रविवार झोपेला लागतो. तिने ऐकलं नाही आणि पहिल्या वर्षी त्याची किंमत मोजली. पण त्या रिटर्न्समुळेच सासऱ्यांची औषधं चालू राहिली, तेव्हा हरकत बरोबर होती असं आजही मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

शाळेची तपासणी तिने स्वतः केली, आणि ती कशी करावी याचा हा नमुना आहे. शाळेला त्या वर्षासाठी राज्य परिषदेची मान्यता आहे का, भारतीय नर्सिंग परिषदेच्या यादीत नाव आहे का, किती जागांना परवानगी आहे, कुठल्या रुग्णालयाशी करार आहे आणि तिथे खाटा किती. शेवटच्या प्रश्नावर कार्यालयातल्या माणसाने कपाळाला आठ्या घातल्या. खाटा कमी आणि विद्यार्थी जास्त असले की सहा जणी एका रुग्णाभोवती उभ्या राहतात आणि इंजेक्शन एकीलाच द्यायला मिळतं. तिला आठ्यांनंतर का होईना, उत्तर मिळालं. एक गोष्ट मात्र तिने तोंडी उत्तरावर सोडली: महाराष्ट्रात नोंदणी झाल्यावर ती गोव्यात कशी आणायची. ‘होतं सगळं’ असं कुणीतरी फोनवर सांगितलं होतं.

प्रवेशाच्या दिवशी शाळेने बारावीची आणि बी.कॉम.ची मूळ कागदपत्रं ठेवून घेतली. पोच दिली नाही. तिनेही मागितली नाही.

पहिलं वर्ष

वर्गातल्या बाकी मुली सतरा-अठराच्या. त्या हिला ‘ताई’ म्हणत आणि मेसमध्ये तिच्या ताटात आपलं नावडतं दुधी ढकलत. वॉर्डात उलटाच गोंधळ. गणवेश विद्यार्थिनीचा, पण वय पाहून नातेवाईक थेट तिच्याकडे येत: ‘सिस्टर, सलाईन संपलं.’ हॉटेलात चिडलेल्या पाहुण्यांसमोर उभं राहण्याचा सराव इथे कामाला आला. आवाज न चढवता, ‘मी विद्यार्थिनी आहे, सिस्टरना आत्ता सांगते’ हे ती पहिल्या आठवड्यापासून म्हणू शकली. अठरा वर्षांच्या मुलीला तेच म्हणायला सहा महिने लागतात.

अभ्यास जड गेला. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, सगळं इंग्रजीत, आणि विज्ञानाचा धागा दहावीलाच तुटलेला. ती पाठ करायला बसली की पानभर यायचं आणि सकाळी पुसलं जायचं. शेवटी तिने पाठांतर सोडून खातेवही धरली: डाव्या पानावर अवयवाकडे काय येतं, उजव्या पानावर त्यातून काय जातं. मूत्रपिंड तिला असंच समजलं. सूक्ष्मजीवशास्त्राला ही युक्ती चालली नाही आणि तो विषय राहिला. परीक्षेच्या आदल्या रविवारी ती रिटर्न्स भरत होती.

शनिवारी संध्याकाळी घरी, सोमवारी पहाटे परत. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दोन दिवस मिळाले, तेही एका ट्यूटरशी बराच वेळ बोलल्यावर. सीमेपलीकडे चवथ साजरी होत नाही असं नाही, पण वॉर्ड चालू राहतात. मुलगा पहिल्या सहामाहीत शाळेत गप्प गप्प झाला. त्याच्या बाईंनी बोलावून सांगितलं. या काळात नर्सिंगची शाळा सोडण्याचा विचार तिने एकदा गंभीरपणे केला आणि मला फोन केला. मी तिला दुसऱ्या वर्षीच्या फीचा हप्ता भरण्याआधी निर्णय घे, नंतर नको, एवढंच सांगितलं. तिने नवऱ्याशी बोलून ठरवलं की बुधवारी रात्री तो मुलाला घेऊन तिला भेटायला यायचं, टॅक्सीचं भाडं असो वा नसो. ते तीन वर्षं बऱ्यापैकी पाळलं गेलं.

मेडिकल वॉर्ड

दुसऱ्या वर्षी मेडिकल-सर्जिकल नर्सिंग येतं. नव्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात याच विषयाला ‘प्रौढ आरोग्य परिचर्या’ अशा अर्थाचं नाव दिलं आहे आणि ते जास्त नेमकं आहे: हृदय, फुप्फुस, मधुमेह, पक्षाघात, शस्त्रक्रियेच्या आधीचं-नंतरचं सगळं.

एक प्रसंग तिच्या कामाचा पोत दाखवतो. हृदय कमकुवत झालेले एक साठीचे गृहस्थ, पायाला सूज, पाणी मोजून द्यायचं होतं. सकाळच्या पाळीला वैशालीने इनटेक-आउटपुटचा तक्ता हातात घेतला. आदल्या दिवशीचं आत गेलेलं जवळपास १४०० मिली, बाहेर पडलेलं ५०० च्या आत. तक्त्याप्रमाणे माणूस फुगत चालला होता. पण पायाची सूज बोटाने दाबली तर आदल्या दिवसापेक्षा कमी, आणि सकाळचं वजनही उतरलेलं. तिने नोंदी पाळीवार वाचल्या. संध्याकाळच्या पाळीत लघवीच्या पिशवीची नोंदच नव्हती आणि रात्रीची सुरुवात शून्यापासून होती. म्हणजे पिशवी कुणीतरी रिकामी केली आणि लिहायचं राहिलं. तिने ते सिस्टरना सांगितलं, आकडा स्वतःच्या अंदाजाने भरला नाही. डॉक्टरांची फेरी त्यानंतर अर्ध्या तासाने झाली. तोपर्यंत तक्त्यावर ‘नोंद अपुरी’ असा शेरा पडला होता, नाहीतर तो आकडा पाहून औषध वाढवलं गेलं असतं.

ट्रकच्या ट्रिपा जुळवत नऊ वर्षं काढलेल्या बाईला न जुळणारा आकडा टोचतो. जुन्या नोकरीतून काय उपयोगी पडेल, याचं उत्तर आधी सांगता येत नाही. मी तिला तेव्हा विचारलं असतं तर तिनेही ‘काही नाही’ म्हटलं असतं.

याच वॉर्डात तिने एक गोष्ट वारंवार ऐकली: ‘बांबोळीला न्या.’ सिंधुदुर्गातले गंभीर रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या गोव्याकडे येत आले आहेत. सीमेच्या या बाजूला रुग्णाला चिठ्ठी देऊन पाठवताना काय काय लिहिलं गेलं नाही तर पलीकडे काय अडतं, हे तिला दोन्ही बाजूंची ओळख असल्यामुळे लवकर कळलं.

निष्पत्ती

सूक्ष्मजीवशास्त्र दुसऱ्या खेपेला सुटलं. तिसऱ्या वर्षातली आंतरवासिता पार पडली, पदविका हातात आली, महाराष्ट्रात परिचारिका आणि प्रसाविका म्हणून नोंदणी झाली. आणि मग गाडी अडली. एका राज्यातली नोंदणी दुसऱ्या राज्यात नेताना पहिल्या परिषदेकडून पडताळणी लागते आणि कागदपत्रं एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरतात. त्यातली मूळ गुणपत्रिका शाळेच्या कपाटात. शाळा म्हणाली, वसतिगृहाची थकबाकी आधी भरा. थकबाकी होती की नव्हती यावरून वाद. पोच नसल्यामुळे वैशालीला जोर करता येईना. काही महिने ती घरी बसून होती. शिकलेली, उत्तीर्ण झालेली, पण गोव्यात नर्स म्हणून कामाला लागता येईना. कर्जाच्या सवलतीची मुदत मात्र सरत होती.

आज ती उत्तर गोव्यातल्या एका खासगी रुग्णालयात मेडिकल वॉर्डात आहे. पगार हॉटेलातल्या कोविडपूर्व पगारापेक्षा कमी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. कर्जाचे हप्ते सुरू झाले आहेत. सरकारी स्टाफ नर्सच्या जाहिरातींवर ती लक्ष ठेवून असते: गोव्यात सरकारी भरतीला सर्वसाधारणपणे पंचेचाळिशीपर्यंत अर्ज करता येतो, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, कोंकणी येणं आवश्यक आणि मराठी येणं इष्ट असतं. या तिन्हींत ती बसते. शिकायला पस्तीस आणि नोकरीला पंचेचाळीस, या दोन आकड्यांमधल्या दहा वर्षांवरच तिचा सगळा डाव उभा आहे.

काय वेगळं करता आलं असतं

गोव्यातल्या परिषदेकडून नोंदणीबाबतचं उत्तर प्रवेशाआधी लेखी घ्यायला हवं होतं. एक अर्ज, एक पोच. उत्तर आलं नसतं तरी पोच राहिली असती. मूळ कागदपत्रांच्या बाबतीत तर शाळेला साक्षांकित प्रती देऊन मूळ फक्त पडताळणीला दाखवता येतात. ठेवून घेतल्याच तर यादी करून सही-शिक्का घ्यायचा. प्रवेशाच्या दिवशी हे मागायला संकोच वाटतो, कारण जागा हातची जाईल अशी भीती असते. ही भीती शाळांना चांगली ठाऊक असते.

बी.एस्सी.चा पर्याय तिने नाकारला तो योग्यच होता, असं मी आजही म्हणेन, पण तेहेतीसाव्या वर्षी. हीच बाई २०१८ मध्ये, खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या तेव्हा, तिशीत माझ्याकडे आली असती तर मी तिला मुक्त शाळेतून विज्ञान घ्यायला सांगितलं असतं आणि जीएनएम हाताशी राखून ठेवलं असतं. तेव्हा दोन्ही रस्त्यांना पुरेल एवढा वेळ होता. हॉटेलची नोकरी मिळाली म्हणून तो गेला. त्या वेळी घरात हप्ते थकले होते, त्यामुळे नोकरी नाकार असं कुणी सांगितलं असतं तर ते तिने हसण्यावारी नेलं असतं.

रविवारच्या रिटर्न्सबद्दल तिचं म्हणणं वेगळं आहे: काम सोडायला नको होतं, पण परीक्षेच्या महिन्यातलं काम ओळखीच्या कुणाला तरी वाटून द्यायला हवं होतं. मुलाच्या बाबतीत ती म्हणते की बुधवारची भेट पहिल्याच आठवड्यापासून ठरवायला हवी होती. त्याच्या बाईंनी बोलावेपर्यंत थांबायला नको होतं.

पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी, करायची का, हे अजून ठरलेलं नाही. इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) अभ्यासक्रमाला नोंदणीनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो अजून पूर्ण व्हायचा आहे. दरम्यान २०२३ च्या कायद्याने जुन्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाची तरतूद केली आहे. त्यामुळे अटी बदलू शकतात आणि यापुढे कुणी हा रस्ता धरला तर वयाची आणि विषयांची अट त्या वर्षीच्या परिपत्रकातूनच वाचावी. वैशालीने यंदाचं परिपत्रक छापून घेतलं आहे. खर्चाची वही मात्र अजून उघडलेली नाही, सासऱ्यांच्या डायलिसिसचं काय ते आधी ठरू दे, म्हणते.